निमकर डॉक्टरांचे पेशंट

निमकर डॉक्टर पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी ओव्हनचे जाड हातमोजे घातले होते आणि त्या हातमोज्यांच्या ओंजळीत एक हेजहॉग होता.

"नमस्कार. तुमच्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे का?" ते म्हणाले. "माझ्या काट्याची बॅटरी संपलीय आणि पेशंटला घाई आहे."

आम्हाला या गावात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आयर्लंडमधल्या ॲथलोन शहरातलं भाडं परवडेना म्हणून आम्ही शॅनन नदीच्या काठचं हे खेडं शोधलं होतं. एक चर्च, एक पब, एक दुकान, बाकी सगळी गवताची शिवारं. इथे दारात कुणी शुद्ध मराठीत बोलेल याची मला कल्पनाच नव्हती, त्यामुळे मी हेजहॉगकडे न बघता डॉक्टरांकडेच बघत राहिलो. डोक्याला लोकरीची माकडटोपी, पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, आणि गळ्यात स्टेथोस्कोपसारखी लटकणारी दुर्बीण.

आत मुग्धा, म्हणजे माझी बायको, दिवाळीच्या लाडवांसाठी बेसन मोजत होती. डॉक्टर सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने काट्यावरचं पातेलं उचललं. डॉक्टरांनी काट्यावर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला आणि त्यावर तो काटेरी चेंडू हलकेच ठेवला. चेंडूने एक नाक बाहेर काढलं, बेसनाचा वास घेतला आणि परत आत घेतलं.

"अर्धा किलोसुद्धा नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "याचा हिवाळा निघायचा नाही. ॲडमिट करावं लागेल." आणि जाता जाता मुग्धाला म्हणाले, "बेसन मंद आचेवर भाजा हं. घाई करू नका."

मुग्धाने तो काटा तीनदा धुतला आणि मग नवा मागवला. जुना मी डॉक्टरांना देऊन टाकला. एखाद्याला शाल-श्रीफळ द्यावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

डॉक्टर मूळचे मिरजेचे. भूलतज्ज्ञ. तरुणपणी आयर्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या सरकारी हॉस्पिटलांत माणसं झोपवत राहिले. हेजहॉगच्या वजनाचं कारण त्यांनी मला दुसऱ्या भेटीत समजावून सांगितलं.

"माणसाला दोन तास भूल द्यायची तरी आपण आधी वजन घेतो. हा प्राणी चार महिने झोपणार. अंगात चरबी नसेल तर झोपेतच संपतो. त्याला वजन न बघता झोपू द्यायचं? शुद्ध निष्काळजीपणा आहे!"

मी त्यांना खूश करायला म्हटलं, "म्हणजे हे इकडचं साळिंदरच म्हणायचं."

झालं! डॉक्टर भडकले. "साळिंदर वेगळं, हे वेगळं. नुसत्या काट्यांवरून नातं जोडायचं तर उद्या फणसालाही साळिंदर म्हणशील!"

रोज सकाळी ते 'राऊंड'ला निघत. आधी चर्चमागचं हेझलचं रान, मग नाल्याकडेनं पूल, मग नदीकाठची कुरणं. पानगळीच्या दिवसांत तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे, कारण इकडची जनावरं याच दिवसांत हिवाळ्याची बेगमी करतात, आणि ती बेगमी नीट होतेय की नाही याची जबाबदारी डॉक्टरांवर होती, असं निदान डॉक्टरांना वाटत असे. राऊंड संपला की अहवाल आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडे.

"लाल खारी, दोन. तोंडात हेझलनट. आहार उत्तम."

"कोल्हा, नर. डावा मागचा पाय लंगडा. निरीक्षणाखाली."

"बगळा. एका पायावर. तब्येत ग्रँड."

इतकी वर्षं इथे काढल्याने हे 'ग्रँड' त्यांच्या जिभेवर बसलं होतं. बरं, ठीक, चालेल, मेलो नाही, या सगळ्याला इकडे ग्रँडच म्हणतात. आता त्या ग्रुपवर एरवी काय चाले? डब्लिनहून येताना कुणी कढीपत्ता आणेल का, सत्यनारायणाला गुरुजी ऑनलाइन चालतील का. त्यात मध्येच, बिळात राहणाऱ्या इकडच्या एका जनावराविषयी, "बॅजर, मादी. पोट साफ." शेवटी कुणीतरी अदबीने लिहिलं की हा ग्रुप अत्यावश्यक गोष्टींसाठी आहे. डॉक्टरांचं उत्तर आलं, "बॅजर अत्यावश्यक आहे."



त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन एकाच आठवड्यात आले होते. हॅलोवीनला इथे गावोगाव होळीसारखी मोठी शेकोटी पेटवतात. आमच्या गावात हे खातं नोरीनकडे होतं. नोरीन म्हणजे आमची घरमालकीण. सत्तरीची, धिप्पाड, आणि पबमधल्या पुरुषांना शाळकरी पोरांसारखं वागवणारी. तिने पंधरा दिवस खपून मैदानात लाकडी फळ्या, जुनी दारं, झाडांच्या फांद्या यांचा एक डोंगर रचून घेतला होता. अंधार पडायला लागला, सगळं गाव जमलं, कुणीतरी काडी पेटवणार, तेवढ्यात माकडटोपी आडवी आली.

"थांबा. माझा राऊंड व्हायचाय."

"कसला राऊंड, डॉक?"

"यात कुणी झोपलं असेल तर?"

"यात कोण झोपणार?"

"तेच बघायचंय. सुक्या फांद्यांचा ढीग म्हणजे हेजहॉगला आयतं घर. सगळं उपसायचं आणि शेजारी पुन्हा रचायचं."

पबवाल्या मंडळींत कुरकुर सुरू झाली. थंडी मी म्हणत होती. माझी मुलगी ओवी माझ्या कानात पुटपुटली, "बाबा, ही इज गोइंग टू गेट किल्ड." पण नोरीनने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "माझ्या धाकट्याच्या वेळी मला यानेच झोपवलं होतं, आणि यानेच उठवलं. तुमच्यातल्या निम्म्यांना यानेच उठवलंय. उचला फळ्या!"

खरंच उचलल्या. अख्खा डोंगर उपसला. आत निघालं काय, तर एक बेडूक आणि कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्याचं हरवलेलं झाकण. लोक हसले. डॉक्टर मात्र बेडकाला ओंजळीत घेऊन कुंपणापर्यंत चालत गेले, आणि ते परत येईपर्यंत कुणी काडी ओढली नाही. पुढच्या वर्षी गावाने न सांगता दुपारीच ढीग उपसून पुन्हा रचला. नोरीन स्वतः डॉक्टरांच्या फाटकाशी येऊन सांगून गेली, "आत कुणी नाही, डॉक. सगळं ग्रँड."

असा हा माणूस. पण राहायचा एकटा.

"वसुधा पुण्याला असते," एवढंच ते बायकोविषयी सांगत. "तिला इथली थंडी सोसत नाही." घरात शिरताना दाराशी बायकांचे गमबूट दिसत, हिरवे, स्वच्छ पुसलेले. मुग्धाने ते पहिल्याच भेटीत टिपले होते. ग्रुपवरच्या बायकांत वेगवेगळे तर्क होते. भांडण झालं असेल, मुलंबाळं नाहीत म्हणून तुटलं असेल, किंवा या बॅजर-खारींना कंटाळूनच ती गेली असेल. शेवटचा तर्क सगळ्यांना पटण्यासारखा होता. मी स्वतः कित्येकदा ऑफिसला जाताना पाहिलं होतं, डॉक्टर दूर शेतात उभे आहेत, फोन असा पुढे धरलाय, आणि एकटेच मोठमोठ्याने बोलताहेत. मला वाटे, ग्रुपसाठी शूटिंग चाललंय. ग्रुपवर मात्र कधी व्हिडिओ आला नाही.

गेल्या नोव्हेंबरात चर्चच्या उतारावर ओल्या पानांवरून डॉक्टर घसरले आणि घोटा मोडला. हॉस्पिटलात नर्सने सगळ्यात आधी वजन विचारलं, याचा त्यांना फार आनंद झाला होता. पण प्लास्टर घालून घरी आले आणि त्यांची रयाच गेली. गाडी चालवता येईना, राऊंड बंद. मुग्धा डबा घेऊन जाई तेव्हा ते खिडकीशी बसलेले असत. मागच्या अंगणात एक रॉबिन पक्षी सोडला तर काही फिरकत नव्हतं. हेजहॉग झोपले होते, खारी रानातून बाहेर येत नव्हत्या.

"रॉबिन किती दिवस पुरवणार?" ते मुग्धाला म्हणाले. तिला वाटलं, औषधांमुळे बरळताहेत.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "निखिल, गाडी काढशील का? नोरीनने नदीकडून आवाज ऐकलाय. हंस आलेत."

मी त्यांना घेऊन निघालो. कुबड्या मागच्या सीटवर, डॉक्टर पुढे, दाढी केलेली, चक्क केसांना तेल लावलेलं. गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "तिथे फोन तुला धरावा लागेल. माझे दोन्ही हात कुबड्यांत अडकणार. वसुधाला व्हिडिओ कॉल लावायचाय."

"लावू की."

"एक आधीच सांगतो, म्हणजे तू दचकणार नाहीस. ती मला ओळखत नाही."

मी गाडीचा वेग कमी केला. डॉक्टर समोर बघत, एखाद्या केसची माहिती द्यावी तसं बोलत राहिले.

"स्मृतिभ्रंश. बरीच वर्षं झाली. सुरुवातीला दुकानातून घरी यायचा रस्ता चुकायची. मग तिचं इंग्रजी गेलं. मराठी राहिलं, इंग्रजी गेलं. इथल्या देखभाल केंद्रात दिवसा ठेवून पाहिलं, सगळे फार गोड वागायचे तिच्याशी, पण इंग्रजीत. ती घाबरायची. कानावर मराठी पडेल म्हणून पुण्याला तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. माझी नोकरी संपायला थोडे दिवस होते. संपली की मीही जाणार होतो."

"मग?"

"गेलो ना. तोवर उशीर झाला होता. आपल्या खोलीत हा परका पुरुष का येतो म्हणून ती बहिणीला हाका मारायची. दाराला आतून खुर्ची लावून बसायची. मी समोर आलो की थरथरायची. आयुष्यभर घाबरलेल्या माणसांना शांत केलं रे मी, तोच तर माझा धंदा. हिला मात्र माझीच भीती. दीड महिन्याने परत आलो. फोनवरही तसंच. 'कोण बोलतंय' म्हणायची आणि ठेवून द्यायची. एकदा असाच व्हिडिओ लावला होता, तेवढ्यात अंगणात हेजहॉग आला. मी सहज कॅमेरा तिकडे वळवला. तर हसली! म्हणाली, उद्या परत दाखवाल का?"

मी म्हटलं, "तुम्हाला या पशुपक्ष्यांची माहिती होती ते बरं झालं."

"मला?" डॉक्टर हसले. "मला कावळा आणि कबुतर यापलीकडे काही येत नव्हतं. हे सगळं तिचं. मी चोवीस-चोवीस तास ड्यूटीवर, आणि ती इथे एकटी. तेव्हा या गावात दुसरं मराठी माणूस नव्हतं. खिडकीत उभी राहून एकेक पाखरू शिकली. मी घरी आलो की सांगायला बसायची, आज अमुक दिसलं, तमुक दिसलं. पहिल्या वाक्यालाच माझा डोळा लागायचा. 'रविवारी माझ्याबरोबर नदीवर चला, हंस आलेत,' म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. हंस काय, दर वर्षी येतात."

कुरणांपाशी आलो. पावसाळी नदी काठ सोडून पसरली होती आणि गवताळ मैदानांची तळी झाली होती. धुकं नुकतं वर सरकत होतं. त्यात पांढरे ठिपके, आणि दुरून कुणीतरी तुतारीचा सराव करावा तसा आवाज. डॉक्टर कुंपणाला टेकून उभे राहिले. मी फोन लावला.

पलीकडे पुण्यातली दुपार होती. पांढऱ्या केसांच्या, नाजूक चेहऱ्याच्या एक बाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात चहाचा कप. कुणीतरी, बहुतेक बहिणीने, त्यांचा पदर सारखा केला.

"अहो, कुठे होतात इतके दिवस?" त्या म्हणाल्या.

मी दचकलो. वाटलं, ओळखलं! डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मराठीत नवऱ्यालाही 'अहो' आणि रस्त्यात पत्ता विचारायचा झाला तरी 'अहो'. लग्नापासून ऐकलेलं ते 'अहो' डॉक्टरांना अजून ऐकायला मिळत होतं, फक्त दुसऱ्या अर्थाचं.

"पाय मोडला होता जरा," डॉक्टर म्हणाले. "आज मात्र मोठे पाहुणे आणलेत. बघा."

मी फोन पाण्याकडे वळवला. वसुधाताई पुढे झुकल्या. "पिवळी चोच!" त्या एकदम म्हणाल्या. "आइसलँडचे आहेत हे. राखाडी आहेत ना, ती यांची यंदाची पिल्लं. आईबापांच्या मध्ये पोहतात बघा." बराच वेळ त्या बघत राहिल्या. डॉक्टर मधून मधून "हो का?", "अस्सं!" म्हणत होते, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. मग वसुधाताईंनी विचारलं, "तुम्ही एकटेच राहता का हो तिकडे?"

"शेजारी आहेत. चांगले आहेत."

"आणि घरचं कुणी?"

"बायको आहे. पुण्याला असते."

"अगंबाई! मग तुम्ही इथे काय करताय? तिच्याकडे जा की."

डॉक्टरांची कुबडी चिखलात जरा सरकली. "गेलो होतो एकदा. मला ओळखलं नाही तिने."

"इतके दिवस लांब राहिलात तर कशी ओळखेल?" वसुधाताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पुन्हा जायचं. आणि असं रिकामं नाही जायचं. तिला सांगा, मी हंस बघून आलो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "जातो."

हंस दिसूनही त्या दिवशी ग्रुपवर अहवाल आला नाही.

प्लास्टर निघालं आणि जानेवारीत डॉक्टर पुण्याला गेले. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. तेव्हाही हसत म्हणाले, "बघू या. पुन्हा खुर्ची लावली तर पुढच्या विमानाने परत."

दोन दिवसांनी फोन आला. आवाज हळू होता, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. "दारातच सांगितलं, मी हंसवाला. तिने बसायला खुर्ची दिली. बहिणीला म्हणाली, पाहुणे लांबून आलेत, चहा टाक. आणि मग विचारलं, तुम्ही इकडे आलात तर तिकडे हंस कोण दाखवणार? मी म्हटलं, माझा एक मित्र आहे. निखिल, जमेल का रे?"

आता ऑफिसला जाण्याआधी मी नदीवर जातो. आइसलँडला परतायला हंसांना अजून थोडे दिवस आहेत. मला त्यांच्यातलं फारसं काही कळत नाही, मी फक्त फोन धरतो. पलीकडे सोफ्यावर दोघं शेजारी शेजारी बसलेली असतात, मध्ये एक उशी. वसुधाताई बोट दाखवून सांगत असतात, तो म्हातारा, ती त्याची जोडीदारीण, आणि डॉक्टर मान डोलवत ऐकत असतात.

काल मी फोन लावला तेव्हा वसुधाताई नेहमीसारख्या लगेच हंसांकडे वळल्या नाहीत. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या आणि मला विश्वासात घेतल्यासारख्या कुजबुजल्या.

"हे गृहस्थ रोज येतात हो इथे. माणूस फार चांगला आहे. पण बायको कुठे असते म्हणून विचारलं की गप्प बसतात."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"हंस दाखव रे, निखिल," ते म्हणाले. "त्या थांबल्यायत."